सोलापूरचे आंदण : चांदबिबीच्या चरित्रकथनातील दोन स्थाने

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात 'तारीफ-इ-हुसेनशाही' ही एक सचित्र फारसी पोथी आहे. आफताबी हा तिचा कवी, आणि अहमदनगरचा हुसेन निजामशहा (कारकीर्द १५५३-१५६५) हा काव्यविषय. दख्खनी चित्रकलेच्या आरंभकाळाचा पुरावा म्हणून कलेतिहासात या पोथीला मोठे स्थान आहे. परंतु तिच्यातील चित्रांना आणखी एक इतिहास आहे, आणि तो चित्रकाराच्या हातचा नाही. सुलतानाच्या शेजारी, तख्तावर, त्याची राणी खुंजा हुमायून मुळात रंगविलेली होती. पुढे कोणीतरी रंगाचा हात फिरवून तिची आकृती बुजविली. सुलतान जागच्या जागी राहिला, सेवक राहिले, गालिचे राहिले. त्याच्या बाजूला एक डागाळलेली पोकळी राहिली. ज्या एका चित्रात स्त्री शाबूत राहिली ते चित्र दोहदाचे आहे. सुंदरीच्या स्पर्शाने झाड फुलते हा संस्कृत काव्याच्या वाचकाला चांगला परिचित असलेला संकेत. पुसणाऱ्याला त्या चित्रात बहुधा राणी दिसलीच नसावी. त्याला तिथे फक्त काव्यसंकेत दिसला असावा.

हे पुसणे कशासाठी झाले याचा तर्क राजकीय इतिहासावरून करता येतो. तालिकोटच्या लढाईनंतर काही महिन्यांतच, १५६५ मध्ये, हुसेन निजामशहा वारला. मुलगा मुर्तजा लहान होता. खुंजा हुमायूनने पडद्याआड बसून दरबार चालविला आणि सुमारे चार वर्षे राज्याचा कारभार पाहिला. तिने आपल्या भावांना मोठ्या जहागिरी दिल्या, अमीर नाराज झाले, आणि १५६९ मध्ये मुलाच्या संमतीने तिला कैद करण्यात आले. इतिहासकार फरिश्ता या कारकिर्दीचे वर्णन करताना भावांच्या उत्कर्षावर बोट ठेवतो. ते खोटे नाही. पण त्या काळच्या दख्खनमधील कोणता मुखत्यार आपल्या भावाबंदांना वर आणीत नव्हता? पुरुष वजिराने केले तर तो राजकारणाचा भाग, बाईने केले तर माहेरची ओढ, हा निकाल घटनेच्या आधीच भाषेत ठरलेला असतो.

खुंजा हुमायूनची मुलगी चांदबिबी. आईचे नाव आज अभ्यासकांखेरीज फारसे कोणाला ठाऊक नाही. मुलीचे नाव महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही माहीत असते. आई चित्रातून पुसली गेली, मुलगी चित्रांत पुनःपुन्हा काढली गेली. घोड्यावर बसलेली, हातावर ससाणा घेतलेली चांदबिबी हा अठराव्या शतकातील दख्खनी चित्रकारांचा आवडता विषय होता. या दोन प्राक्तनांत वरकरणी विरोध आहे. जरा निरखून पाहिल्यास दोन्हींच्या मुळाशी एकच कथनव्यवस्था आढळते. फारसी तवारिखांच्या निवेदनाला राजघराण्यातील स्त्री दोनच ठिकाणी स्पष्ट दिसते : मांडवात आणि तटावर. सोयरीक जुळते तेव्हा तिचे नाव येते, आणि पुरुष हतबल झाल्यावर ती किल्ला लढविते तेव्हा येते. या दोहोंच्या मधला जो दीर्घ काळ, ज्यात ती निरोप पाठविते, माणसे जोडते, एका दरबाराचे दुसऱ्या दरबाराशी बोलणे चालू ठेवते, तो निवेदनात सांदीकोपऱ्यात पडतो. चांदबिबीचे चरित्र नव्याने वाचायचे तर त्या सांदीतून वाचावे लागते. आणि त्या वाचनाला आरंभ अहमदनगरच्या तटापाशी करून चालत नाही. तो सोलापूरपासून करावा लागतो.

सोलापूरचा किल्ला आदिलशाही आणि निजामशाही यांच्या सरहद्दीवरचा. तो कोणाचा, या प्रश्नावर दोन्ही घराणी पिढ्यान्‌पिढ्या लढली. १५२४ मध्ये इस्माईल आदिलशहा आणि बुऱ्हाण निजामशहा यांची भेट सोलापुरास झाली व इस्माईलची बहीण मरियम बुऱ्हाणला देण्यात आली. या मरियमची आई मराठा होती. यूसुफ आदिलशहाने मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराच्या बहिणीशी विवाह केला होता आणि इस्माईल व मरियम ही त्या विवाहाची अपत्ये, असे फरिश्ता सांगतो. म्हणजे विजापूरचे राजघराणेच एका जुन्या संघर्षातून निघालेल्या सोयरिकीवर उभे होते. मरियमच्या लग्नात सोलापूर आंदण देण्याचे ठरले होते, असे निजामशाहीचे म्हणणे. विजापूरने किल्ला दिला नाही. लग्नानंतर वर्षभरातच आंदणासाठी युद्ध जुंपले. नवरीचा भाऊ एका बाजूला, नवरा दुसऱ्या बाजूला. मरियमची सासरी अवहेलना होत असल्याच्या तक्रारी विजापुरास पोचत राहिल्या; बुऱ्हाणची आधीची आवडती राणी अमिना हिचा महालात वरचष्मा होता. या अमिनेचा मुलगा हुसेन, आणि हुसेनची मुलगी चांदबिबी. मरियमच्या वाट्याला आलेला जो सासुरवास, त्याच्या दुसऱ्या टोकाला चांदबिबीची आजी होती.

मरियमचे पुढे काय झाले, यात तवारीखकारांना रस नाही. सोलापूरचे काय झाले यात मात्र आहे. किल्ल्याचे चरित्र सलग लिहिता येते, राणीचे येत नाही.

सुमारे चाळीस वर्षांनी त्याच किल्ल्याचे आंदण उलट दिशेने दिले गेले. मधल्या काळात विजयनगरच्या रामरायाने दख्खनच्या सुलतानांना एकमेकांविरुद्ध खेळवून हुसेन निजामशहाचा दारुण पाणउतारा केला होता. १५६१ च्या तहात हुसेनला कल्याणीचा किल्ला सोडावा लागला आणि रामरायाच्या छावणीत जाऊन त्याच्या हातचा विडा घ्यावा लागला. ही जखम ठसठसत असताना सुलतानांची एकजूट घडली. ती घडली सोयरिकींमधून. हुसेनची एक मुलगी, बीबी जमाल, गोवळकोंड्याच्या इब्राहीम कुतुबशहाला दिली गेली. दुसरी, चांदबिबी, १५६४ च्या सुमारास विजापूरच्या अली आदिलशहाला, आणि तिच्याबरोबर सोलापूर. अलीची बहीण हदिया सुलतान चांदबिबीचा भाऊ मुर्तजा याच्याकडे आली. मराठीत अशा उलटसुलट सोयरिकीला साटेलोटे म्हणतात. हा शब्द आज संगनमताच्या वाईट अर्थाने रूढ आहे. नात्यागोत्याचा शब्द राजकारणात कसा घसरत जातो याचे ते उदाहरण म्हणता येईल. या साट्यालोट्यानंतर लवकरच, जानेवारी १५६५ मध्ये, तालिकोटची लढाई झाली आणि विजयनगरचे वैभव धुळीस मिळाले. या लढाईवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. तिच्या पायातील लग्ने मात्र त्या ग्रंथांतून एखाद्या परिच्छेदात उरकलेली असतात.

एकजूट लढाईबरोबरच संपली. आंदण दिलेला किल्ला आणि दिलेली मुलगी विजापुरास राहिली, दोन्ही राज्यांचे वैर पूर्ववत सुरू झाले. चांदबिबीला मूल झाले नाही. अली आदिलशहाने विजापुरात १५७९ मध्ये बांधलेली चांद बावडी तिच्या नावाने ओळखली जाते. पुढच्याच वर्षी, १५८० मध्ये, अलीचा खून झाला. गादीवर आला तो अलीच्या भावाचा मुलगा इब्राहीम, वय नऊ वर्षांच्या आसपास. त्याचे संगोपन आणि शिक्षण चांदबिबीकडे आले, कारभार कामिलखान दखनी या सरदाराकडे. इथे तिचे खरे राजकारण सुरू होते, आणि इथेच निवेदन आखडते घेऊ लागते.

कामिलखान उन्मत्त झाला, तेव्हा तिने किश्वरखानाला हाताशी धरून त्याला दूर केले. किश्वरखान त्याहून वरचढ निघाला. त्याने मुस्तफाखान अर्दिस्तानी या जुन्या, मातब्बर अमिराचा घात करविला. चांदबिबीने जाहीर निषेध केला. तेव्हा किश्वरखानाने तिला महालातून काढून साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत पाठविले. तिच्यावर ठेवलेला आरोप नीट वाचला पाहिजे : ती आपला भाऊ मुर्तजा निजामशहा याला विजापूरवर चालून येण्यास चिथावते आहे. राजकीय विवाहातील स्त्रीचे सगळे मोल दोन घरांना जोडण्याच्या तिच्या क्षमतेत असते. त्याच क्षमतेचे दुसरे नाव फितुरी. मैत्री असते तोवर ती पूल, मैत्री मोडली की तोच पूल शत्रूची वाट. खुंजा हुमायूनवरचा माहेरच्या पक्षपाताचा ठपका आणि मुलीवरचा हा आरोप एकाच साच्यातले आहेत.

किश्वरखान फार टिकला नाही. हबशी सरदारांनी उठाव केला, तो पळाला, आणि इख्लासखानाच्या अमलात चांदबिबी साताऱ्याहून सुटून परत आली. लगेचच विजापूरला वेढा पडला. वेढा घालणाऱ्या फौजांत निजामशाही फौज होती, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाची. ती तटाच्या आत होती. किश्वरखानाचा आरोप खरा असता तर या प्रसंगी तो सिद्ध व्हायला हरकत नव्हती. विजापूर पडले नाही, आणि तिच्याविषयी कोणी कसली शंका नोंदविली नाही. खोट्या ठरलेल्या आरोपाची नोंद राहते, त्याच्या निरसनाची राहत नाही, हाही या तवारिखांचा एक गुणधर्म.

१५८४ मध्ये आणखी एक साखळी जोडली गेली. इब्राहीमची बहीण खदिजा ही मुर्तजाचा मुलगा मीरान हुसेन याला दिली गेली आणि नवरीला घेऊन चांदबिबी अहमदनगरला आली. वीस वर्षांपूर्वी ज्या वाटेने ती नवरी होऊन गेली, त्याच वाटेने ती दुसऱ्या नवरीची पाठराखीण होऊन परतली. तिच्या मनाचा ठाव घेणे कादंबरीकाराचे काम आहे; इतिहासलेखकाला एवढेच म्हणता येते की या वाटेची किंमत तिच्याइतकी त्या वऱ्हाडातल्या दुसऱ्या कोणाला माहीत नसणार. लग्नाचे फळ काय झाले? मुर्तजा एकांतवासात आणि संशयात बुडाला होता, त्याने मुलाचाच जीव घेण्याचा प्रयत्न केला. १५८८ मध्ये मुलाने बापाला मारले, आणि १५८९ मध्ये अमिरांनी मुलाला. खदिजा विधवा झाली.

निजामशाहीच्या पुढील सहा वर्षांच्या गोंधळात शिरण्याचे येथे कारण नाही. १५९५ मध्ये बुऱ्हाण निजामशहा दुसरा (चांदबिबीचा भाऊ) वारला; त्याचा मुलगा इब्राहीम निजामशहा विजापूरच्या फौजेशी लढताना पडला. मियाँ मंजू या पेशव्याने अहमद नावाचा एक मुलगा निजामशाही वंशातला म्हणून तख्तावर बसविला, आणि अंतर्गत विरोधकांना नमविण्यासाठी गुजराथेतून अकबराचा मुलगा शाहजादा मुराद याला बोलावणे धाडले. विरोधकांचा बंदोबस्त झाल्यावर त्याला पश्चात्ताप झाला. मोगल मात्र निघाले होते. मियाँ मंजू अहमदनगरचा किल्ला चांदबिबीच्या हवाली करून कुमक मिळविण्याच्या निमित्ताने बाहेर पडला. तिने आपल्या भावाचा नातू, तान्हा बहादूर, याच्या नावाने कारभार हाती घेतला. डिसेंबर १५९५ मध्ये मोगलांचा वेढा पडला.

यानंतरचा प्रसंग सर्वांना पाठ आहे. तटाखाली सुरुंग खणले गेले. बातमी फुटली, काही सुरुंग आतल्या लोकांनी निकामी केले. फेब्रुवारी १५९६ मध्ये एक उडाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. माणसे पळू लागली, तेव्हा बुरखा ओढून, नंगी तलवार हाती घेऊन चांदबिबी खिंडारात उभी राहिली. दिवसभर हल्ले परतविले गेले, रात्रीतून भिंत पुन्हा उभारली गेली. 'बुऱ्हाण-इ-मआसिर'चा कर्ता सय्यद अली तबातबा हा निजामशाही आश्रयातला समकालीन. त्याचा ग्रंथ याच वर्षीच्या घटनांपाशी संपतो. फरिश्त्यानेही हा प्रसंग रंगवून सांगितला आहे. तोफांना गोळे पुरेनात तेव्हा तिने नाणी आणि दागिने भरून मारा केला, ही कथा पुढे त्यावर चढली.

खिंडारातील शौर्य नाकारण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न हा आहे की वेढा उठला कशामुळे. भिंत एका रात्रीत उभी राहिली, परंतु मोगल छावणी दुसऱ्या दिवशी निघून गेली नाही. मुरादला तहाला यावे लागले त्याची कारणे अनेक : त्याच्या सरदारांतील बेबनाव, विशेषतः खानखानान अब्दुर्रहीमशी त्याचे न पटणे, दाणावैरणीची टंचाई, आणि दक्षिणेकडून येत असलेली फौज. ही फौज विजापूरची होती. इब्राहीम आदिलशहाने सोहेलखानाला धाडले होते, गोवळकोंड्याची कुमक तिला मिळाली होती, आणि शहादुर्ग म्हणजे नळदुर्गपाशी ती गोळा झाली होती. काही महिन्यांपूर्वी याच विजापूरच्या फौजेने निजामशहाला लढाईत मारले होते. ती आता निजामशाहीच्या रक्षणासाठी का यावी? मोगलांचे भय हे एक उत्तर आहेच. पण मोगल यायच्या आधी आणि नंतरही दख्खनच्या सुलतानांना ते भय एकत्र आणू शकले नव्हते. दुसरे उत्तर असे की जिने इब्राहीमला नवव्या वर्षापासून वाढविले, तिच्या हाताखालचा किल्ला होता. सोलापूरचे आंदण घेऊन गेलेल्या मुलीच्या पाठीशी, एकतीस-बत्तीस वर्षांनी, तिचे सासर माहेराच्या मदतीला उभे राहिले. मार्च १५९६ च्या तहात वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले, म्हणजे मुर्तजाने १५७४ मध्ये जिंकलेला मुलूख त्याच्या बहिणीने सोडला, आणि अहमदनगर राखले. हा सौदा तिने तटावर उभे राहून केला नाही. तो वकिलांमार्फत, पत्रांमार्फत, पाठीमागून चालून येणाऱ्या फौजेच्या वजनावर झाला. आणि ती पत्रे कोणी जपली नाहीत.

वीरगाथेच्या वाचनाला १५९६ सोयीचे आहे, १६०० गैरसोयीचे. तह टिकला नाही. पेशवेपदावर नेमलेला मुहंमदखान आणि नंतर आभंगखान यांनी तिचाच अधिकार हिरावण्याचे डाव मांडले. मोगलांशी झगडा पुन्हा पेटला आणि १६०० मध्ये शाहजादा दानियाल अहमदनगरच्या तटापाशी येऊन ठेपला. यावेळी मदतीला येणारे कोणी नव्हते. चांदबिबीने किल्ला सोडून बाल सुलतानाला घेऊन सुरक्षित बाहेर पडण्याची वाटाघाट करावी असा विचार मांडला. अबुल फजल तेव्हा दख्खनमध्येच होता, आणि त्याच्या लेखनावरून दिसते की तिच्याशी बोलणी आधीपासून चालू होती. हमीदखान नावाच्या अधिकाऱ्याने ही गोष्ट 'बेगम मोगलांना मिळाली' अशी बोभाटा करून रस्त्यावर नेली. जमाव महालात घुसला आणि तिला ठार मारण्यात आले. काही दिवसांतच, ऑगस्ट १६०० मध्ये, सुरुंगांनी तट फुटला आणि किल्ला पडला. बहादूरला ग्वाल्हेरच्या कैदेत नेण्यात आले.

साताऱ्याच्या कैदेच्या वेळचा आरोप आणि हा आरोप यांत फक्त शत्रूचे नाव बदललेले आहे. चार वर्षांपूर्वी वऱ्हाड देऊन राजधानी राखली तो तह तिच्या शहाणपणात जमा झाला. आता राजधानी देऊन राजाचा जीव राखण्याची सूचना तिच्या फितुरीत. १५९६ चा तह आणि १६०० ची सूचना यांच्यामागचा हिशेब एकच होता, आणि परिणाम पाहता तो बरोबर होता. नंतरच्या कथनांनी तिच्या खुनाचा दोष कृतघ्न जमावावर टाकला, हे न्याय्यच झाले. पण तिला निर्दोष ठरविताना त्यांनी तिची वाटाघाटच गाळली. तिने मोगलांशी बोलणी केलीच नाहीत, ती अखेरपर्यंत लढत होती, असे सांगितले जाऊ लागले. जमावाने तिला राजकारण केल्याबद्दल मारले आणि वीरगाथेने तिला ते केलेच नाही असे सांगून वाचविले. यातील दुसरी कृती पहिलीपेक्षा दयाळू आहे खरी; तिच्या कर्तृत्वाविषयी मात्र दोघींचे मत जुळते.

फिलिप मेडोज टेलर याची 'अ नोबल क्वीन' ही कादंबरी १८७८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. सोहेलखानाची फौज जिथे जमली त्या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार टेलरने काही वर्षे पाहिला होता. दख्खनची भूमी आणि दंतकथा त्याच्या परिचयाच्या होत्या. व्हिक्टोरियन वाचकाला एका पौर्वात्य राणीत जे सद्गुण पाहावयाचे होते ते त्याने चांदबिबीत पाहिले. मराठीतील चरित्रात्मक व पाठ्यपुस्तकी लेखनाने तिला रणरागिणींच्या मालिकेत बसविले. दोन्ही प्रतिमांत घोडा आहे, तलवार आहे, तट आहे. अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, डोंगरावर एक भव्य अष्टकोनी दगडी इमारत उभी आहे, दूरवरून दिसते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. ती मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. स्वतःचे स्मारक नसलेल्या राणीला लोकांनी एका वजिराची कबर देऊन टाकली, आणि त्या बिचाऱ्या वजिराला कोणी विचारले नाही.

तिच्या हाताखाली वाढलेला इब्राहीम आदिलशहा पुढे दीर्घकाळ राज्य करून गेला. अहमदनगर पडल्यानंतर त्याला मोगलांशी जमवून घेणे भाग होते, आणि त्याने ते जुन्याच रीतीने केले. १६०४ मध्ये त्याची मुलगी शाहजादा दानियालला देण्यात आली. दानियाल म्हणजे ज्याच्या वेढ्यात चांदबिबी मारली गेली तोच. नवरीबरोबर विजापूरहून जी मंडळी निघाली त्यांत इतिहासकार फरिश्ता होता. अहमदनगरच्या दरबारात लहानाचा मोठा झालेला, मीरान हुसेनबरोबर शिकलेला, नंतर विजापूरच्या आश्रयास गेलेला हा गृहस्थ. चांदबिबीविषयी जे आज सांगता येते त्यातील बराच भाग त्याच्या लेखणीतून आलेला आहे. गोदावरीकाठी पैठणला विवाह झाला, आणि फरिश्ता तेथून वऱ्हाडाबरोबर बुऱ्हाणपुरास गेला. पुढच्या वर्षी दानियाल दारूच्या व्यसनाने मेला. नवरीचे पुढे काय झाले, हे फरिश्त्याने लिहिण्याचे कारण उरले नाही.